पिटातला प्रेक्षक गेला कुठे?

हॉलिवूडचे दिवस फिरले, अशा बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. त्या खोट्या नाहीत. अमेरिका आणि कॅनडा मिळून सिनेमाच्या तिकिटांचा वर्षाचा गल्ला २०१९ साली ११ अब्ज डॉलरच्या वर होता. करोनाच्या २०२० साली तो २ अब्जांच्या आसपास आला. त्यानंतर ‘बार्बी’ आणि ‘ओपेनहायमर’ या चित्रपटांनी धमाल उडवली, तरी २०२३ साली आकडा ९ अब्जांच्या आसपासच अडला. मधल्या काळात तिकिटाचे दर वाढले हे लक्षात घेतले, तर थिएटरात जाणारी माणसे किती घटली असतील याचा हिशेब कुणालाही करता येईल. त्यातच २०२३ साली लेखकांनी १४८ दिवस आणि नटनट्यांनी ११८ दिवस संप केला. जगाला स्वप्ने विकणाऱ्या नगरीत कामगार फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले.

वाचक म्हणतील, हॉलिवूड बुडाले काय आणि तरले काय, आम्हा परभणी, पूर्णा, जिंतूरच्या माणसांना त्याचे काय? आमच्या पोराला गणवेश घ्यायचा आहे, लेकीची फी भरायची आहे. प्रश्न रास्त आहे. पण बंधू-भगिनींनो, हॉलिवूडच्या या दुखण्याचे मूळ शोधत गेले की ते आपल्या दाराशी येऊन पोहोचते. हॉलिवूडने जो माणूस गमावला, तोच माणूस आपल्या चित्रपटधंद्यानेही गमावला आहे. तो म्हणजे पिटातला प्रेक्षक. पडद्याच्या अगदी पुढ्यात, सर्वांत स्वस्त तिकिटावर, लाकडी बाकावर किंवा जमिनीवर बसून शिट्ट्या मारणारा, रडणारा, नाणी उधळणारा. तो माणूस म्हणजे आपले आजोबा, आपले वडील आणि आपण स्वतः.

पाच सेंटच्या नाण्यावर उभी राहिलेली नगरी

अमेरिकेत १९०५ च्या सुमारास गल्लीबोळांत छोटी सिनेमाघरे निघाली. प्रवेश फी एक नाणे, पाच सेंट. त्या नाण्याला तिकडे ‘निकेल’ म्हणतात, म्हणून त्या घरांना ‘निकेलोडियन’ नाव पडले. तिथे कोण जात होते? गिरणीतले कामगार, गोदीतले हमाल, परदेशातून पोटासाठी आलेली, इंग्रजी न समजणारी माणसे. सिनेमा तेव्हा मुका होता, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. सुशिक्षित, प्रतिष्ठित लोक त्या बाजूला फिरकत नसत.

आणि पुढे ज्यांनी मोठमोठ्या कंपन्या काढल्या, तेही कुणी राजघराण्यातले नव्हते. वॉर्नर ब्रदर्स ही जगप्रसिद्ध कंपनी काढणाऱ्या भावांचा बाप पोलंडमधून आलेला ज्यू, जोडे शिवणारा आणि दुरुस्त करणारा. पॅरामाउंटचा अॅडॉल्फ झुकोर हंगेरीतून आला, त्याने आधी फरच्या कपड्यांचा धंदा केला. चार्ली चॅप्लिन लंडनच्या गरीब वस्तीत वाढला, लहानपणी अनाथ-निराधारांच्या संस्थेत राहिला. त्याने पडद्यावर आणला तो फाटक्या बुटांचा, ढगळ विजारीचा भटक्या. म्हणजे पिटातलाच माणूस पडद्यावर चढला आणि पिटाने त्याला डोक्यावर घेतले.

दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ साली अमेरिकेत दर आठवड्याला आठ-नऊ कोटी तिकिटे खपत होती, असा अंदाज सांगितला जातो. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा चौदा कोटींच्या आसपास होती! पुढे उतरती कळा लागली. १९४८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सिनेमा काढणाऱ्या कंपन्यांच्या मक्तेदारीला चाप लावला आणि त्यांना आपली थिएटरे सोडून द्यावी लागली. घराघरात टेलिव्हिजन आला. घाबरलेल्या कंपन्यांनी खर्चाचे डोंगर उभे केले. १९६३ च्या ‘क्लिओपात्रा’ने तर ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स ही बलाढ्य कंपनी बुडण्याच्या बेतात आणली. मग १९७५ साली ‘जॉज’ आला, १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ आला आणि तरुण पोरे पुन्हा रांगेत उभी राहिली.

आता मात्र हॉलिवूडने सगळ्या रानात एकच पीक घेतले आहे. आपल्या भागात कापूस आणि सोयाबीनने काय केले, ते आपण पाहतोच. पहिली दोन वर्षे बरी जातात, नंतर कीड पडते आणि शेतकरी उघड्यावर येतो. २००९ साली डिस्नेने मार्व्हल कंपनी विकत घेतली. उडणाऱ्या, आपटणाऱ्या वीरपुरुषांचे चित्रपट एकामागून एक आले. २०१९ च्या ‘अॅव्हेंजर्स एंडगेम’ने पावणेतीन अब्ज डॉलरहून अधिक गल्ला जमवला. म्हणून तेच पीक पुन्हा पेरले, पुन्हा पेरले आणि २०२३ साली ‘द मार्व्हल्स’ सपशेल आपटला. दुसऱ्या भागाचा तिसरा भाग, तिसऱ्याचा पाचवा, हे किती दिवस चालणार? माणसाला माणसाची गोष्ट लागते. भाकरीची भूक नुसत्या फटाक्यांनी भागत नाही.

आपल्याकडचा पिट

आपल्याकडे दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके साडी नेसून उभा राहिला. भारतीय चित्रपटाची पहिली नायिका ही अशी एक श्रमिक पुरुष आहे, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे. १९२५ साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराने जमीन गिळल्यामुळे शहरात मजुरीला जाणारा तरुण शेतकरी त्यात व्ही. शांताराम यांनी रंगवला. शंभर वर्षे झाली, पण मराठवाड्यातल्या कुठल्याही खेड्यात ही गोष्ट आज सांगितली तरी ती कालची वाटेल.

खेड्यापाड्यात सिनेमा पोहोचवला तो तंबूतल्या टुरिंग टॉकीजने. जत्रा भरली, उरूस भरला की तंबू लागत. रीळ संपले की दिवा लागे, रीळ तुटले की आरडाओरडा होई. मधोमध दोर बांधून एका अंगाला बाया आणि दुसऱ्या अंगाला बाप्ये. गावच्या विहिरीवर, पाणवठ्यावर, देवळात ज्यांना मज्जाव होता, त्यांचेही पैसे तंबूच्या खिडकीवर चालत होते. अंधार झाला की कोण कुणाच्या शेजारी बसले आहे ते दिसत नसे. थिएटराच्या अंधाराने जात मोडली असे मी म्हणणार नाही. तसे झाले असते तर बाबासाहेबांना एवढा संघर्ष कशाला करावा लागला असता? पण एका तिकिटावर एक जागा, हा हिशेब तिथे पाळला जात होता, एवढे मात्र खरे.

पुढे १९८० नंतर व्हिडिओ आला. जयंतीला वर्गणी काढून भाड्याने टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा, वस्तीच्या चौकात मांडायचा आणि पहाटेपर्यंत तीन-तीन चित्रपट बघायचे, हे चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. सांगायचा मुद्दा असा, की सिनेमाच्या गल्ल्यात आपल्या कष्टाचा पैसा पिढ्यान्‌पिढ्या पडत आला. आता खातेवहीची दुसरी बाजू पाहू. या पैशाच्या बदल्यात पडद्याने आपल्याला काय दिले?

जुने ते सारे सोने नव्हे

‘जुने ते सोने’ असे म्हणणारी मंडळी घरोघरी असतात. जुन्या चित्रपटांची गाणी अवीट होती, अभिनय कसदार होता, आई-बापासोबत बसून ते पाहता येत होते, हे सगळे मान्य. पण त्या सोन्यात आपला वाटा किती होता, हे तपासायला नको काय?

१९३५ साली प्रभातचा ‘धर्मात्मा’ आला. बालगंधर्व त्यात संत एकनाथ झाले होते. चित्रपटाचे नाव आधी ‘महात्मा’ होते, ते सरकारच्या आक्षेपामुळे बदलावे लागले. अस्पृश्याच्या घरी जेवणारा संत त्यात दाखवला, हे त्या काळी धाडसच होते. १९३६ साली बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ आला. देविकाराणी आणि अशोककुमार ही जोडी गाजली. त्यातली अस्पृश्य मुलगी शेवटी आगगाडीखाली मरते. १९५९ साली बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. नूतनने त्या मुलीची घुसमट इतकी खरी दाखवली की आजही पाहताना घसा दाटून येतो. पण तिला घरातली मुलगी म्हणून मान्यता कधी मिळते? सांभाळ करणाऱ्या बाईला ती आपले रक्त देते तेव्हा!

या तिन्ही चित्रपटांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. काढणारे भले लोक होते. पण तिन्हींत आपला माणूस दयेचा धनी आहे. कुणी संताने त्याला जवळ घ्यावे, त्याने मरून दाखवावे किंवा रक्त देऊन आपली पात्रता सिद्ध करावी. ज्या १९३६ साली देविकाराणी पडद्यावर मरत होती, त्याच साली बाबासाहेबांचे ‘जातिसंहार’ हे न झालेले भाषण पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. वस्तीतला माणूस ताठ उभा राहून हक्क मागत होता आणि पडदा अजून त्याच्यासाठी डोळे पुसत होता.

दुसरे उदाहरण अण्णा भाऊ साठे यांचे. ‘वैजयंता’, ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ अशा त्यांच्या कादंबऱ्यांवर मराठीत चित्रपट निघाले. ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांना अर्पण केलेली. एवढा मोठा लेखक १९६९ साली मुंबईच्या उपनगरात हलाखीत गेला. गोष्ट आपली, घाम आपला आणि गल्ला भलत्याचाच. वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला हा ताळेबंद जुळवून दाखवा म्हटले तर तो जुळणार नाही.

आणि आता ‘गांधी’ची गोष्ट. रिचर्ड अॅटनबरो यांचा हा चित्रपट १९८२ साली आला. हॉलिवूडच्या कोलंबिया कंपनीने तो जगभर लावला. आपल्या सरकारी चित्रपट विकास महामंडळाचा, म्हणजे पर्यायाने तुमचा-आमचा, पैसा त्यात होता. त्याला आठ ऑस्कर मिळाले. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना वेशभूषेसाठी मिळाला, तो भारतीय माणसाला मिळालेला पहिला ऑस्कर. त्याचा अभिमान आपल्यालाही आहे. परंतु तीन तासांच्या त्या चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कुठेच नाहीत! गोलमेज परिषद झाली, पुणे करार झाला, राज्यघटना झाली, आणि चित्रपटात हा माणूस जन्मालाच आलेला नाही. जगभरच्या प्रेक्षकांनी भारताचा तोच इतिहास खरा मानला. पडद्याची ताकद काय असते आणि पडद्यावर नसणे म्हणजे काय असते, हे यावरून कळावे.

दोन बायांची कहाणी

हे दुःख एकट्या आपले नाही. अमेरिकेत १९१५ साली ‘बर्थ ऑफ अ नेशन’ नावाचा चित्रपट आला. कृष्णवर्णीयांना जिवंत जाळणाऱ्या, फासावर लटकावणाऱ्या टोळीचा त्यात गौरव होता. कृष्णवर्णीयांच्या संघटनेने गावोगावी निदर्शने केली. १९३९ साली ‘गॉन विथ द विंड’ आला. त्यात दासीचे काम हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णीय बाईने केले. अटलांटा शहरात चित्रपटाचा पहिला खेळ झाला तेव्हा वर्णभेदाच्या कायद्यांमुळे तिला हजर राहता आले नाही. १९४० साली तिला ऑस्कर मिळाला, पण त्या रात्री तिला बाकी कलावंतांपासून दूर, भिंतीकडेच्या टेबलावर बसवले होते.

आपल्याकडे केरळात मल्याळम भाषेतल्या पहिल्या मूकपटात पी. के. रोझी या दलित बाईने नायर स्त्रीची भूमिका केली. आमच्या घरंदाज बाईचे सोंग ही कोण घेणार, म्हणून लोक खवळले. रोझीला गाव सोडून पळावे लागले आणि पुढचे आयुष्य अज्ञातवासात काढावे लागले. एका बाईला बक्षीस देऊन बाजूला बसवले, दुसरीला पळवून लावले. देश दोन, रोग एकच.

दगड दोन, काळ वेगवेगळा

१९७४ साली श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’ आला. हैदराबादकडच्या खेड्यातली ती गोष्ट. निजामाच्या राज्यात काढलेल्या आपल्या लोकांना त्यातले गाव ओळखीचे वाटावे. त्याच्या शेवटी एक लहान मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतो. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०१३ साली नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ तयार झाला. कैकाडी घरातला जब्या शेवटी दगड भिरकावतो. पण या वेळी तो दगड जमीनदाराच्या खिडकीवर जात नाही. तो थेट पडद्यातून खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकावर येतो. मधल्या काळात काय बदलले? पहिला दगड बाहेरून पाहणाऱ्याने दाखवला होता, दुसरा आतल्या माणसाने मारला. मेलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते. भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाई रंगवलेल्या आहेत. त्या एका दृश्यात जे आहे, ते शंभर भाषणांत मावणार नाही.

हे नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे. अहमदनगरच्या कॉलेजात शिकताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१६ साली त्यांचा ‘सैराट’ आला. चार कोटींच्या आसपास खर्च आणि कमाई शंभर कोटींच्या वर नेणारा तो पहिला मराठी चित्रपट. कोण बघायला गेले होते? ट्रॅक्टर भरून, टमटम भरून, एसटीने लोक गेले. पिटातला प्रेक्षक परत आला होता! मराठी चित्रपट चालत नाहीत म्हणून रडणाऱ्या निर्मात्यांना त्याने सणसणीत उत्तर दिले. मुंबईच्या मंडळींनी २०१८ साली त्याचा हिंदी ‘धडक’ केला, त्यात जातीचा काटा काढून टाकला. मीठ काढलेले पिठले जसे लागते तसा तो लागला.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार शाहिराच्या भूमिकेत होते. २०१५ साली तो चित्रपट ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने या माणसाला आपल्यातून नेले. २०२२ च्या ‘झुंड’मध्ये वस्तीतली जयंती आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभा राहिलेला अमिताभ बच्चन आपण पाहिला. तमिळमध्ये पा. रंजित यांनी २०१८ साली ‘काला’ काढला. त्यात रजनीकांत धारावीच्या गरिबांचा नेता झाला. नीरज घेवान या मराठी मुळाच्या दिग्दर्शकाच्या ‘होमबाउंड’मागे हॉलिवूडचे बुजुर्ग मार्टिन स्कॉर्सेसी निर्माते म्हणून उभे राहिले आणि २०२५ साली तो भारताची अधिकृत प्रवेशिका झाला. त्याआधी २०२३ साली एव्हा डुव्हर्ने या कृष्णवर्णीय अमेरिकन दिग्दर्शिकेने ‘ओरिजिन’ काढला. जात आणि वर्ण यांचे नाते शोधणाऱ्या त्या चित्रपटात बाबासाहेब आहेत. ‘गांधी’ने गाळलेले पान भरायला ४१ वर्षे लागली, आणि ते भरले कृष्णवर्णीय बाईने. त्यासाठी तिला मोठ्या कंपनीचा नाद सोडून धर्मादाय संस्थांकडून पैसा उभा करावा लागला.

आडनाव पाहून मात्र चित्रपटाला शाबासकी देऊ नये. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर टांगला, दोन गाणी घातली आणि कच्चा माल विकला, असेही प्रकार होतात. अशा चित्रपटाला ‘हे बरोबर नाही’ असे आपल्याच माणसांनी सांगितले पाहिजे. जब्बार पटेल यांनी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ काढला तेव्हा मामुट्टी या केरळच्या नटाने भूमिकेसाठी जीव ओतला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कष्ट करून केलेले काम कसे असते, ते तिथे दिसते.

आपण पडद्यावर आलो, पण…

म्हणजे शंभर वर्षांनी का होईना, पडद्यावर आपला माणूस दयेशिवाय, ताठ मानेने आला. आनंदाची गोष्ट आहे. पण नेमक्या याच काळात थिएटरातून आपण बाहेर पडलो. कसे, ते हिशेबाने पाहू.

समजा, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या पाच माणसांच्या कुटुंबाने मोठ्या शहरातल्या मल्टिप्लेक्समध्ये चित्रपट पाहायचा ठरवला. तिकीट २०० रुपये धरले तर हजार रुपये झाले. जाण्यायेण्याचे भाडे वेगळे. मध्यंतरात पोरे लाह्या मागणार, त्यांचा दर ऐकून बाप पोरांना दटावणार. दीड-दोन हजारांच्या आत माणूस घरी येत नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने हे पैसे कुठून आणायचे? २०२३ साली एसटीने बायांना अर्धे तिकीट केले, थिएटराने नाही केले. सरकारने सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला, त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के कायम ठेवला. सवलत चांगली आहे, पण शंभराच्या आतले तिकीट असलेली थिएटरे उरली किती? एक पडद्याची जुनी टॉकीज गावोगावी बंद पडली, कुठे तिथे मंगल कार्यालय झाले तर कुठे दुकानांचे गाळे. नव्या थिएटरात खुर्च्या मऊ आहेत, हवा गार आहे, फक्त पिट नाही. आर्किटेक्टने नकाशातूनच तो काढून टाकला.

सूर्या या नटाचा ‘जय भीम’ २०२१ साली आला. ज्या चित्रपटाचे नावच आपला नमस्कार, तो थिएटरात लागलाच नाही. करोनाचा काळ होता, तो थेट मोबाइलवर आला. आदिवासी कुटुंबावरच्या पोलिसी अत्याचाराची ती सत्य घटनेवरची गोष्ट कोट्यवधी लोकांनी पाहिली, त्याचे समाधान आहे. पण कशी पाहिली? एकेकट्याने, कानात बोंडे घालून. आज घरात पाच माणसे असतात आणि पाच पडदे. शेजारची आजी रडली तर आपल्याला कळत नाही, आपण हसलो तर तिला कळत नाही. तंबूत हजार माणसे एका वेळी हुंदका देत, तेव्हा प्रत्येकाला कळायचे की हे दुःख माझ्या एकट्याचे नाही. संघटनेची पहिली पायरी हीच असते.

हॉलिवूडचेही दुखणे हेच आहे. गरिबाला दाराबाहेर काढून श्रीमंताच्या खिशावर किती दिवस चालवणार? तिथेही जेव्हा कुणी नवी, खरी गोष्ट आणली तेव्हा लोक आले. २०१७ चा ‘गेट आउट’ ४५ लाख डॉलरमध्ये झाला आणि त्याने २५ कोटींहून जास्त मिळवले. २०२५ साली रायन कूगलर या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा ‘सिनर्स’ आला. १९३२ सालच्या मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांची ती भुताखेतांची गोष्ट, पण गल्ला ३६ कोटी डॉलरच्या पुढे गेला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पंचवीस वर्षांनी चित्रपटाची मालकी आपल्याकडे येईल, असा करार त्याने आधीच करून घेतला. अण्णा भाऊंच्या पदरात जे पडले नाही, ते याने कागदावर लिहून घेतले. आपल्या होतकरू पोरांनी हे ध्यानात ठेवावे. गोष्ट लिहिता आली पाहिजे, आणि करारही वाचता आला पाहिजे.

करता येण्यासारखे काही

नुसते रडून काय उपयोग? चार गोष्टी आपल्या हातात आहेत.

एक. आपल्या जगण्याची खरी गोष्ट सांगणारा चित्रपट थिएटरात लागला, तर तो पहिल्या तीन-चार दिवसांतच पाहावा. पहिल्या शनिवार-रविवारचा गल्ला पाहून खेळ ठेवायचे की काढायचे ते ठरते. दुसऱ्या आठवड्यात जाऊ म्हणणाऱ्याला पाटी बदललेली दिसते. वर्षातून दोनच चित्रपट पाहायचे असतील तर ते हे असावेत.

दोन. महिन्यातून एकदा विहारात किंवा समाजमंदिरात, निर्मात्याची रीतसर परवानगी घेऊन, मोठ्या पडद्यावर एक चित्रपट दाखवावा. सुरुवात ‘सुजाता’ने करावी आणि पुढच्या महिन्यात ‘फँड्री’ लावावा. खेळ संपला की दिवे लावून अर्धा तास चर्चा करावी. बायांना आणि पोरांना आधी बोलू द्यावे. चोरून उतरवलेली प्रत मात्र दाखवू नये. ती चोरी शेवटी आपल्याच कलावंताच्या ताटातली असते.

तीन. मुलांना श्रेयनामावली वाचायची सवय लावावी. गोष्ट कुणाची, लिहिली कुणी, पैसा कुणाचा, हे विचारायला शिकवावे. पुण्याच्या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये राखीव जागा आहेत. डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर यांच्या जोडीला घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी कॅमेरा धरायला शिकू दे. नाचगाण्याचा नाद म्हणून त्यांना हिणवू नका.

चार. मागणी करावी. अभिनयाच्या वीसही नामांकनांत २०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षे एकही कृष्णवर्णीय नाव नव्हते, तेव्हा अमेरिकेत साध्या प्रेक्षकांनी ओरड केली आणि ऑस्करवाल्यांना आपल्या सभासद यादीत बदल करावा लागला. आपणही मागू शकतो. परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत, २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या १८ लाखांवर आहे. प्रत्येक तालुक्याच्या गावी दोनशे खुर्च्यांचे, शंभर रुपयांच्या आतल्या तिकिटाचे एक सिनेमाघर नगरपालिकेच्या जागेत का होऊ नये? वाचनालय मागतो, अभ्यासिका मागतो, तसे हेही निवेदनात लिहावे.

हॉलिवूडचे काय व्हायचे ते होवो. त्यांच्याकडे पैसा आहे, ते पुन्हा उठतील. आपल्याला चिंता आहे ती पुढच्या रांगेची. जब्याचा दगड ज्याच्यासाठी होता तो प्रेक्षक खुर्चीत बसलेला आहे. पण जब्याला पाहून ज्याच्या छातीत धडधडले असते, तो पोरगा तिकिटाचे पैसे नाहीत म्हणून बाहेर उभा आहे. त्याला आत घेतल्याशिवाय हा खेळ सुरू झाला, असे म्हणता येणार नाही.